खडकांतून वाहिलेल्या पाण्याचा माग : एका मापनाचा इतिहास

खडकांच्या एका वर्गास ‘रूपांतरित’ हे विशेषण चार्ल्स लायेल यांनी इ. स. १८३३ मध्ये लावले. उष्णतेने खडकाचे रूप पालटते एवढा अर्थ त्या नावात आला. पालटाच्या वेळी खडकातून पाणी वाहत होते काय, हा प्रश्न त्यात नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे दिसतात. पाणी केव्हाच निघून गेलेले असते. त्याचा माग लागण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

शिकागो विद्यापीठातील हॅरल्ड यूरी यांनी १९४७ साली गणिताने दाखवून दिले की, ऑक्सिजनचे १६ व १८ भारांकांचे स्थिर समस्थानिक निरनिराळ्या पदार्थांत सारख्या प्रमाणात वाटले जात नाहीत, आणि ही वाटणी तपमानानुसार बदलते. शंखशिंपल्यांवरून प्राचीन समुद्राचे तपमान काढणे हा या विचाराचा पहिला मोठा उपयोग होय. सिलिकेट खनिजे मात्र आपला ऑक्सिजन सहजी सोडीत नाहीत. ती अडचण फ्ल्युओरीनयुक्त संयुगांनी दूर केली. ह्यू टेलर व सॅम्युएल एप्स्टाइन यांनी १९६२ मध्ये एकाच खडकातील सहवासी खनिजांची मापने प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी रॉबर्ट क्लेटन व तोशिको मायेदा यांची ब्रोमीन पेंटाफ्ल्युओराइडची रीत आली.

समुद्राचे पाणी शून्य धरले, तर प्रावरणातून आलेल्या लाव्ह्यात जड ऑक्सिजन दर हजारी पाच-सहाने अधिक असतो, सागरी चुनखडकात पंचवीस किंवा त्याहूनही अधिक. बंदिस्त खडक कितीही तापला तरी त्याची एकूण बेरीज पालटत नाही. ती पालटली असेल तर देवघेव बाहेरच्या कशाशी तरी झाली असली पाहिजे. चुनखडक कार्बन डाय-ऑक्साइड गमावतो तेव्हाही आकडा काहीसा उतरतो. या उताराला मर्यादा असते आणि ती जॉन व्हॅली यांनी १९८६ मध्ये हिशेबाने मांडली.

आकडा उतरला त्यावरून किती पाणी आले असावे, हे सांगण्यासाठी ‘पाणी-खडक गुणोत्तर’ वापरात आले. हे गुणोत्तर सोयीचे खरे, पण फसवे. त्यात सर्व पाणी व सर्व खडक एकाच भांड्यात घातल्याची कल्पना आहे. प्रत्यक्षात पाणी वाटेत भेटणाऱ्या पहिल्या खडकाशी देवघेव करते आणि त्याच्याशी जुळलेले होऊन पुढे जाते. पुढचा खडक त्याच जातीचा व त्याच तपमानाचा असेल, तर कितीही पाणी गेले तरी त्याचा आकडा जवळजवळ तसाच राहतो. न बदललेला खडक कोरडाच राहिला, असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

या वादाचे उत्तम उदाहरण ग्रीसमधील नॅक्सॉस बेट. तेथील एमरी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. (एमरीतील ‘कोरंडम’ हे नाव युरोपीय भाषांत दक्षिण भारतातून गेले, मराठीतील कुरुंद त्याच कुळातला.) बेटाच्या आग्नेयेकडून मध्यभागाकडे जावे तसे रूपांतरणाचे तपमान सुमारे ४०० पासून ७०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. रॉबर्ट राय, शूइलिंग, डॅनी राय व यान्सेन यांनी १९७६ मध्ये दाखविले की, त्याच दिशेने सुभाजा खडकांतील जड ऑक्सिजन घटत जातो. शेजारच्या संगमरवराने मात्र आपला मूळचा मोठा आकडा बव्हंशी राखला आहे. संगमरवरात पाणी शिरलेच नाही, की शिरले ते संगमरवराच्याच थरातून, त्याच्याशी जुळून आलेले होते? एकेका नमुन्याच्या आकड्यावरून हे ठरत नाही.

उत्तर दोन खडकांच्या सीमेवर शोधावे लागले. बिकल व मॅकेन्झी यांनी १९८७ मध्ये, तर बाउमगार्टनर व रंबल यांनी १९८८ मध्ये वाहत्या द्रायूचे गणित मांडले. सीमा ओलांडून पाणी वाहिले असेल, तर आकड्यांची पायरी प्रवाहाच्या दिशेने सरकते; नुसते विसरण झाले असेल, तर ती जागच्या जागी दोहोंकडे पसरट होते. बिकल व बेकर यांनी १९९० मध्ये नॅक्सॉसवरील खडकांना हीच कसोटी लावली. नमुने आता मैलामैलावरून नव्हे, तर सीमेच्या दोन्ही अंगांनी हाता-बोटांच्या अंतराने घ्यावे लागतात, आणि क्षेत्रकार्याची ही पालटलेली रीत सूत्राइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

पायरी किती सरकली त्यावरून सीमेच्या एकेका चौरस मीटरमधून एकूण किती पाणी गेले ते निघते. ते हजार वर्षांत गेले की दहा लाख वर्षांत, हे त्या सरकण्यावरून निघत नाही. त्यासाठी पायरीचा पसरटपणा आणि विसरणाचा वेग ही दोन्ही ठाऊक असावी लागतात.