ईल्सचा नेत्रविकार



इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या, अशी समजूत मला वर्गांत नेहमीं आढळे. परंतु रोगांनाहि इतिहास असतो, आणि त्यांत बुद्धिमान माणसांच्या चुकाहि नमूद असतात. अशाच एका विरळा नेत्रविकाराची हकीकत आज सांगावयाची आहे.

जिवंत डोळ्याचें अंतरंग पाहण्याचें यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या यंत्राच्या साह्यानें बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांस एक विलक्षण प्रकार दिसला. डोळ्याच्या मागील ज्या पडद्यावर प्रतिमा उमटते त्यास दृष्टिपटल म्हणतात. कांहीं तरुणांच्या या पटलावर पुनःपुन्हां रक्तस्राव होत असे. त्यांना मलावरोध असे व त्यांचा घोळणाहि फुटे. १८८० सालीं हें वर्णन करतांना ईल्स यांनीं तर्क बांधला कीं, पोटांतील रक्तवाहिन्या आकसल्यामुळें रक्त मस्तकाकडे लोटतें. अनुमान सुसंगत होतें; पण खरें नव्हतें. दृष्टिपटलांतील शिरांचाच दाह होतो, हें मागाहून इतर वैद्यांनीं दाखविलें.

युरोपांत हा विकार आतां क्वचित् आढळतो. आपल्या देशांत त्याहून अधिक. बहुधा तरुण पुरुषांस होतो, व पुष्कळदां दोन्ही डोळ्यांस. प्रथम शिरा सुजतात. मग सूक्ष्म वाहिन्या बुजून पटलाचे कांहीं भाग उपाशी पडतात. त्यांच्या हांकेस ओ देऊन नव्या वाहिन्या उगवतात. पण त्या इतक्या नाजूक कीं सहज फुटतात. डोळ्यापुढें काळे ठिपके, जळमटें, किंवा एकाएकीं पडदा येतो. दुखत मुळींच नाहीं. पुढें रक्त जिरतें, दृष्टि परत येते, आणि तरुण समजतो कीं आपण बरे झालों. धोका येथेंच आहे! वारंवार रक्तस्राव झाल्यास आंत तंतू धरतात व पटलास ओढून सोडवितात.

क्षयाशीं या विकाराचा संबंध असावा असें अनेकांचें मत आहे. तथापि प्रत्येक रुग्णाच्या बाबतींत तें सिद्ध झालेलें नाहीं.

उपायाची वाट मात्र सूर्यानें दाखविली. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहून ज्याचें पटल भाजलें, असा एक रुग्ण जर्मनींतील मायर-श्विकराथ या वैद्यांनीं तपासला. जो प्रकाश इजा करतो तोच मोजून वापरल्यास उपकार कां करणार नाहीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. प्रथम त्यांनीं आरशांनीं सूर्यकिरण डोळ्यांत सोडले. मग कृत्रिम दिवे आणले. पुढें लेसर किरण आले. उपाशी भाग त्यांनीं डागला म्हणजे नव्या वाहिन्यांची वाढ थांबते. दाहावर स्टेरॉइड औषधें देतात. न जिरणारें रक्त शस्त्रक्रियेनें काढतां येतें. ती रीत रॉबर्ट माखेमर यांनीं १९७० च्या सुमारास अमेरिकेंत रूढ केली.

ईल्स यांची मीमांसा गेली. त्यांनीं प्रामाणिकपणें टिपलेली निरीक्षणें राहिलीं, म्हणून नांवहि राहिलें. आपणांसाठीं बोध इतकाच : घरांतील तरुणाच्या डोळ्यापुढील पडदा आपोआप विरला, तरी बाहुली मोठी करून दोन्ही डोळे तपासून घ्यावे. परत आलेली दृष्टि राखण्याची वेळ तीच असते.