सावलीचे आगर

अलिबागेचे नावच मुळी बागेवरून पडले. अली नावाच्या एका बेने इस्रायली गृहस्थाच्या येथे बागा होत्या, असे सांगतात. आंगरे आणि त्यांचे आरमार आपण इतिहासात वाचतो खरे. परंतु या पट्टीला ‘अष्टागर’ म्हणतात ते तिच्या आठ आगरांवरून.

येथल्या माणसाने घर बांधले ते वाडीच्या पोटात. पोफळीचे रोप कोवळेपणी ऊन सोसत नाही. म्हणून आधी केळ लावायची, केळीच्या आडोशाने पोफळ वाढवायची, आणि या साऱ्यांवर नारळीची छत्री. या सावलीतून रहाटाचे पाणी पाटाने खेळायचे आणि त्यावरून येणारा वारा थेट पडवीत शिरायचा.

देशावरच्या वाड्याशी हे घर ताडून पाहावे. तिकडचा उन्हाळा कोरडा. जाड भिंतींनी दुपार बाहेर थोपवावी आणि रात्रीची गार हवा चौकातून आत घ्यावी. कोकणात पारा तितका चढत नाही, पण घाम वाळत नाही, आणि भिंत हातभर जाड केली म्हणून तो वाळायचा नाही. त्याला वाराच हवा. म्हणून येथे पडवी मोकळी ठेवली आणि तिच्यावर छप्पर इतके खाली उतरवले, की उंच पाहुण्याने वाकूनच आत यावे. (घरधन्याला आपोआप नमस्कार घडतो, हा वरचा लाभ!) दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, आणि पावसाळ्यात तेच छप्पर भिंतींचीही राखण करते.

1865 साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली आणि गवताची शाकारणी मागे पडली. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा निसटते. सिमेंटच्या स्लॅबला ही सोय नाही. दिवसभर प्यालेले ऊन तो रात्री अंथरुणावर ओततो.

मुंबईनेही सावली शोधली. मरीन ड्राइव्हच्या इमारतींना 1930 नंतरच्या काळात भुवयांसारखे छज्जे आले. चार्ल्स कोरिया यांनी 1983 च्या ‘कांचनजुंगा’ इमारतीत तर जुन्या बंगल्याची पडवीच आकाशात नेली. आणि 2007 साली बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने नांदगावच्या माडांत ताडाच्या खोडांच्या झडपांचे घर उभारले. ऊन अडते, वारा जातो. आमच्या आजीला त्यात नवल वाटले नसते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. कौले उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि पिढ्यांची सावली एका दुपारी गेली. छपराचे काम एका हंगामात उरकता येते. पोफळीला मात्र फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात, आणि तीही केळीच्या सावलीत वाढली तर.