घडीतील भूमिति

प्रमेय पाठ करून परीक्षेत उतरवून देणारा विद्यार्थी आणि ते प्रमेय खरोखर उमजलेला विद्यार्थी ह्यांत किती अंतर असते, हे मी पुष्कळ वर्षे पाहात आलो आहे. आकृतीतील अक्षरे बदलून दिली की पहिला अडतो. ह्या दुखण्यावरील एक उपाय आपल्याच देशातील एका गृहस्थाने १८९३ साली छापून प्रसिद्ध केला, आणि तोही अगदी अल्पमोली, म्हणजे कागदाचा एक चौकोनी तुकडा!

हे गृहस्थ म्हणजे टी. सुंदर राव, मद्रास इलाख्यातील एक सरकारी अधिकारी. कागदाच्या घड्यांनी भूमिति शिकविणारे त्यांचे लहानसे इंग्रजी पुस्तक मद्रासेसच निघाले. जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ फ्रेबेल ह्यांच्या बालशिक्षणपद्धतीतील आठव्या ‘देणगी’त मुलांना घड्या घालण्यासाठी दोनशे रंगीत चौकोनी कागद मिळत. त्यावरून ही कल्पना सुचल्याचे राव प्रस्तावनेतच सांगतात. मात्र बालकांच्या ह्या खेळास त्यांनी श्रेढी आणि शंकुच्छेद ह्यांपर्यंत नेऊन पोहोचविले.

त्यांची एक रीत वाचकांनी स्वतः करून पाहावी. चौरस कागदाची डावी व उजवी कड जुळवून मधोमध घडी घाला आणि कागद उलगडा. आता खालच्या कडेचा डावा कोपरा स्थिर धरून उजवा कोपरा त्या मधल्या रेषेवर टेकेपर्यंत उचला. जेथे तो टेकला त्या बिंदूपासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत घड्या घातल्या की समभुज त्रिकोण तयार! घडी म्हणजे सिद्धता नव्हे, असा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंकडून नेहमी येतो. तो मला पटत नाही. त्रिकोणाच्या बाजू समान का, असे विचारताच मूल म्हणते, ‘डावी बाजू म्हणजे खालचीच कड, ती फक्त फिरली; आणि मधली रेषा दोन्हीकडे सारखी.’ ह्याहून निराळे यूक्लिडला तरी काय सांगावयाचे असते?

ह्या पुस्तकाचे चीज प्रथम परदेशात झाले. फेलिक्स क्लाइन ह्या थोर जर्मन गणितज्ञाने १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला. तो वाचून बेमन आणि स्मिथ ह्या अमेरिकन प्राध्यापकांचे लक्ष तिकडे वेधले, आणि १९०१ साली शिकागोस त्यांनी त्याची नवी आवृत्ति काढली. तीत घड्या घातलेल्या कागदांची छायाचित्रेही घातली. आपल्याकडे मात्र भूमितीच्या तासाला कागद लागतो तो प्रमेय उतरविण्यापुरताच. माझ्या विद्यार्थिदशेत कागदाची होडी केली म्हणून वर्गाबाहेर उभे राहण्याचा प्रसंग मजवर आला होता, हे जाता जाता नमूद करतो.

राव ह्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढण्याचा प्राचीन ग्रीक प्रश्न पट्टी व कंपासाने सुटत नाही, हे वांत्झेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केले होते. घड्यांनीही तो सुटणार नाही, असे राव ह्यांनी सूचित केले. १९३६ साली मार्गेरिटा बेलोक ह्या इटालियन विदुषीने दाखविले की, दोन बिंदू दोन रेषांवर एकाच वेळी आणून टेकविणारी घडी घातली तर तो सुटतो. ही घडी एका दमात साधत नाही. एक बिंदु आपल्या रेषेवर ठेवून, दुसरा जागेवर येईपर्यंत कागद हलकेच सरकवीत न्यावा लागतो आणि मगच दाबावयाचा असतो.