बँकांची कामगिरी आणि मनुष्यबळ धोरण

बँकेच्या कामगिरीचे मोजमाप नफा, थकीत कर्जे आणि प्रति कर्मचारी व्यवसाय या आकड्यांवरून केले जाते. यांपैकी शेवटचा आकडा फसवा ठरू शकतो. ठेवी व कर्जे यांच्या बेरजेला कर्मचारी संख्येने भागून तो काढला जात असल्याने व्यवसाय न वाढताही, केवळ माणसे कमी करून तो उंचावता येतो.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०००-०१ मध्ये राबविलेली स्वेच्छानिवृत्ती योजना हे याचे ठळक उदाहरण होय. १५ वर्षे सेवा झालेल्या किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांना ती खुली होती. प्रत्येक सेवावर्षामागे ६० दिवसांचे वेतन किंवा उर्वरित सेवाकाळाचे वेतन, यांपैकी कमी असलेली रक्कम सानुग्रह देण्यात आली. सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. वेतनखर्चाचा भार हलका झाला. मात्र त्यांच्यासोबत अनेक अनुभवी अधिकारीही गेले. त्यातच नव्या भरतीला दीर्घकाळ खीळ बसल्याने निवृत्तीच्या उंबरठ्यावरील ज्येष्ठ आणि नवखे यांच्यामधील फळी विरळ झाली. कर्जप्रस्ताव पारखण्याची नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. ती भरती परीक्षेतून मिळत नाही. बँक ऑफ बडोदाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल खंडेलवाल यांच्या समितीने २०१० मधील अहवालात येऊ घातलेल्या निवृत्त्या, उत्तराधिकाऱ्यांची तयारी आणि प्रशिक्षण या प्रश्नांचा ऊहापोह केला.

वेतनाची कामगिरीशी सांगड घालण्याचा प्रयत्न २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारात झाला. बँकेच्या नफ्यातील वार्षिक वाढ ५ टक्क्यांहून कमी असल्यास प्रोत्साहन रक्कम नाही. ५ ते १० टक्के वाढीस ५ दिवसांचे, १० ते १५ टक्क्यांस १० दिवसांचे आणि त्यापुढे १५ दिवसांचे वेतन, असे सूत्र ठरले. संपूर्ण बँकेच्या नफ्यावर ते आधारलेले असल्याने सामूहिक जबाबदारीची जाणीव वाढते, पण एखाद्या शाखेतील उत्तम वसुलीचे श्रेय वेगळे मिळत नाही.

मनुष्यबळाचा एक साधा नियम मात्र थेट जोखमीशी जोडलेला आहे. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजी दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गैरव्यवहार झाकून ठेवण्यासाठी संबंधिताला रोज जागेवर असावे लागते. त्याच्या अनुपस्थितीत दुसऱ्याच्या हाती गेलेली खाती ते उघड करतात.