गुडघ्यावरचा हात

दर्यापूरच्या एस.टी. स्टँडवर किंवा मूर्तिजापूरच्या फलाटावर माझ्या वयाचा एखादा माणूस एक हात मांडीवर दाबून, दर पावलाला खांदा झुकवत येताना दिसला की मी ओळखतो. विचारायचं काम पडत नाही. त्यालाही पडत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहतो आणि जरासं हसतो. लहानपणीच्या कुठल्या तरी पावसाळ्यात त्यालाही दोन दिवसांचा ताप आलेला असतो.

हा हात मांडीवर कशासाठी, असं लोक विचारतात. मांडीचा पुढचा स्नायू गेलेला असला की पाय टेकवल्यावर गुडघा पुढे मोडतो. हातानं मागं रेटून धरला तरच तो ताठ राहतो आणि पुढचं पाऊल टाकता येतं. म्हणजे चालायला दोन पाय आणि एक हात लागतो. उरला एक. त्या एका हातात दप्तर धरायचं की छत्री, हा प्रश्न मला शाळेच्या पहिल्या दिवसापासून होता.

मला ताप आला तो १९६४ च्या श्रावणात. मी अडीच वर्षांचा होतो, त्यामुळे आठवण माझी नाही, मायची आहे. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरी मचूळ, म्हणून प्यायला नदीचं नाही तर डबक्यात साचलेलं पाणी. पोलिओचा विषाणू घाण झालेल्या पाण्यातून आणि हातांतून तोंडावाटे पोटात जातो, हे आता शाळेतलं पोरही सांगेल. त्या श्रावणात गावातल्या बहुतेक पोरांच्या पोटात तो गेला असेल. पण सरासरी दोनशे मुलांमागे एखाद्याच्याच मज्जारज्जूपर्यंत पोचून तो पाय घेतो. बाकीच्यांना सर्दी-पडसं, किंवा तेही नाही. माझ्या बरोबरीची सगळी पोट्टी नंतर पोळ्याच्या बैलांमागे पळाली.

तापाच्या दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजाराच्या दिवशी सायकलवर एक सुईवाला यायचा. डॉक्टर होता की कंपाउंडर, कोणी विचारलं नाही. बाबा म्हणाले होते, उतरंल ताप, राहू दे. माय ऐकेना. तिनं मला कडेवर घेतलं, बाजारात नेलं, बारा आणे दिले आणि सुई टोचून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला उभं केलं तर डावा पाय कापडाच्या बाहुलीसारखा दुमडला.

आजी म्हणाली, पायावरून वारं गेलं. मग अंगारा, कबुतराच्या रक्ताची मालीश, मारुतीला तेल, सगळं झालं. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाय उचलून सोडून दिला आणि त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला. साल्क यांची लस अमेरिकेत १९५५ सालीच निघाली होती. ती नऊ वर्षांत दर्यापूरपर्यंत आली नव्हती. सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब आले तेही १९७८-७९ च्या सुमारास. तोवर आमच्यासारख्यांच्या दोन पिढ्या चालायला शिकून गेल्या होत्या, ज्याला जसं जमेल तसं.

आजीला माझी वेगळीच काळजी होती. पौषातल्या रविवारी ऋणमोचनची जत्रा भरते, पूर्णेच्या काठी. तिथं गाडगेबाबांनी १९०८ साली घाट बांधवला आणि आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पंक्तीला बसवून जेवू घातलं. आजीनं लहानपणी त्या पंगती पाहिल्या होत्या. बाबांचं नाव निघालं की ती हात जोडायची, आणि लगेच माझ्याकडे पाहून म्हणायची, "याले त्या पंगतीत बसा लागू नये, एवढंच." तेव्हा मला ते टोचायचं नाही. आता कळतं की तिच्या काळात पांगळ्यासाठी एवढीच एक जागा होती आणि तीसुद्धा बाबांनी करून दिलेली.

पंगतीऐवजी मला बूट मिळाला, तो मुंबईला. हाजीअलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची सरकारी संस्था १९५५ पासून सुरू आहे. १९६९ मध्ये, मी सात वर्षांचा असताना, बाबांनी एक बैल विकला आणि आम्ही निघालो. दर्यापूरहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला. हिची गती अशी की धडधाकट पोरं उतरून, बोरं तोडून परत चढायची; मी तेवढा खिडकीत. मूर्तिजापूरहून मोठी गाडी आणि सहाशे किलोमीटरवरची मुंबई. तिथल्या दालनात मी पहिल्यांदा माझ्यासारखी तीस-चाळीस पोरं एका जागी पाहिली. कोणी कोणाला लंगड्या म्हणत नव्हतं. म्हणणार कोण?

कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन बाजूंना दोन लोखंडी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामडी पट्टे, गुडघ्याशी वाटी आणि कडी, खाली बूट. बसताना कडी उचलायची, उठताना खाली पाडायची. ती पडली की खट आवाज यायचा. पहिल्यांदा हात मोकळा ठेवून संस्थेच्या गुळगुळीत फरशीवर चाललो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पण आमच्या गावात फरशी नव्हती. वऱ्हाडातली काळी माती ज्यानं पावसाळ्यात तुडवली नाही त्याला हे सांगून कळणार नाही. दहा पावलं चाललं की बुटाला दोन-दोन किलोचा गारा चिकटतो. चांगल्या पायाचा माणूस चप्पल हातात घेतो आणि अनवाणी जातो. बूट हाच ज्याचा पाय आहे त्यानं काय हातात घ्यावं? सळ्यांना गंज चढायचा, चामडं भिजून ताठ व्हायचं. जूनमध्ये शाळा उघडायची आणि माझी मृगाच्या दुसऱ्या पावसाला बंद व्हायची. बाबा खांद्यावर नेत, पेरणी लागली की तेही बंद. दिवाळीनंतर माती वाळली की मी पुन्हा हजर. चौथीपर्यंत मला वाटायचं, मी पावसाळ्यात अपंग असतो आणि उन्हाळ्यात नसतो. अजूनही ते मला फारसं चूक वाटत नाही.

आणि पोरगं वाढतं, कॅलिपर वाढत नाही. दर वर्षी मुंबई शक्य नव्हती. मग गावातल्या लोहारानं सळ्यांना खाली जोड दिला, चर्मकार काकांनी बुटाला टायरचा तळ लावून एक इंच चढवला, कारण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहत चालला होता. काका तळ लावताना मला उभं करायचे, दोन बोटं कंबरेच्या दोन्ही हाडांवर ठेवायचे आणि डोळा बारीक करून पाहायचे. पुढं एका मोठ्या डॉक्टरनं नेमकं असंच मोजलं. फरक इतकाच की काकांनी पैसे कधी घेतले नाहीत, सुगीला पायलीभर ज्वारी घेतली.

जिल्हा परिषदेकडून एकदा हातानं चालवायची तीनचाकी सायकलही मिळाली. फोटो निघाला. ती गावच्या रस्त्यात पहिल्याच पावसात आसापर्यंत रुतली, मग गोठ्यात गेली, आणि तिच्या सीटवर कोंबडीनं तीन वर्षं अंडी घातली. देणाऱ्यानं रस्ता पाहिला नव्हता. त्याच्या उलट जयपूरचा पाय. रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो साठीच्या दशकाच्या शेवटी घडवला, तोच मुळी चिखलात चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी माणसासाठी. तो तुटलेल्या पायाच्या जागी बसतो, माझ्या कामाचा नव्हता. पण मळणीयंत्रात पाय गेलेला आमचा एक शेजारी तो घालून वखर हाकायचा. माझा बूट चिखलात फसला की तो वरून विचारायचा, "काय गुरुजी, इंपोर्टेड हाय का?"

गुरुजी मी नंतर झालो. डी.एड.ला अमरावतीत असताना तपोवनला जाणं झालं. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी उभी केलेली ती वसाहत. तिथं एक म्हातारा पाऊल फटकन टाकत चालला होता. पंजा वर उचलत नाही म्हणून गुडघा उंच घ्यायचा आणि पाऊल आपटायचं. मी म्हटलं, तुमचंही माझ्यासारखंच. तो खाली बसला आणि मला तळवा दाखवला. रुपयाएवढी जखम. त्याला ती सकाळी कोणी तरी सांगितल्यावर कळली होती. पोलिओ पायातलं बळ नेतो, जाणीव ठेवतो. कुष्ठरोग जाणीवच आधी नेतो. मला काटा रुतला की मी ओरडतो. तो खिळ्यावर दिवसभर चालू शकतो. "तुले दुखते न?" तो म्हणाला. "मंग तू नशीबवान हायेस." त्या वयात मला ते पटलं नाही.

९ डिसेंबर १९९५ ला पहिला पल्स पोलिओ झाला. तीन वर्षांखालच्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी दोन थेंब. शिक्षक म्हणून माझी ड्यूटी बूथवर. एक बाई नातवाला घेऊन दाराशी आली आणि आत येईना. या थेंबानं पुढं मूल होत नाही असं तिनं ऐकलं होतं. मी समजावलं नाही. टेबलामागून उठलो, तिच्यापर्यंत चालत गेलो, तेवढं पुरलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझी चाल चालणारा माझ्यापेक्षा लहान माणूस आता आमच्या भागात सहसा दिसत नाही.

त्या बूथच्या आधी प्रशिक्षण झालं होतं, आणि तिथं मला एक गोष्ट कळली जी कळली नसती तर बरं झालं असतं. डॉक्टर सांगत होते, पोलिओच्या दिवसांत तापाच्या पोराला सुई देऊ नका. विषाणू अंगात असताना ज्या पायात सुई टोचली जाते तो पाय लुळा पडण्याची शक्यता वाढते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या हे १९५० च्या सुमारास लक्षात आलं होतं. मी हात वर करून विचारलं, सुई दिली नसती तर पाय वाचला असता का? ते म्हणाले, एकेकट्या पोराबद्दल कोणीच सांगू शकत नाही.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "काय सांगतलं डॉक्टरनं?" मी थेंबांचं सांगितलं.

मी ते वीस वर्षं सांगितलं नाही. मधल्या काळात माझी चाल पुन्हा बिघडली. पन्नाशीनंतर चांगला पायही थकू लागला. मेलेल्या मज्जापेशींचं काम उरलेल्यांनी इतकी वर्षं ओढलं, आता त्या दमल्या, असं डॉक्टरांनी समजावलं. पोलिओनंतरचा पोलिओच म्हणायचा. उजव्या हातात काठी आली, म्हणजे आता एकही हात मोकळा नाही.

मायचेही गुडघे ऐंशीच्या आसपास गेले. एका संध्याकाळी आम्ही दोघं मारुतीच्या पारापासून घराकडे निघालो होतो. रस्ता आता सिमेंटचा आहे, तरी ती मधेच थांबली, गुडघ्यावर हात दाबला आणि खांदा झुकवून पाऊल टाकलं. हुबेहूब.

"पाह्य, तुयासारखीच चालून रायली मी," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "म्याच नेलतं तुले सुई द्याले. तुये बाबा नाई म्हणत होते."

म्हणजे तिला ठाऊक होतं. डॉक्टर, इंग्लंड, काही नाही, तिनं आपलं आपणच तीस-चाळीस वर्षांपूर्वी जोडून ठेवलं होतं. मी म्हटलं, माय, रोग पाण्यातून आलता, सुईतून नाई. ताप होता म्हणजे तो आधीच अंगात होता.

"आन् सुई नसती देल्ली त?"

"ते डॉक्टरलेही सांगता येत नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी खरं बोलतोय की तिच्यासाठी बोलतोय, ते पाहत असावी. मग तिनं गुडघ्यावरचा हात काढून माझ्या काठीच्या हातावर ठेवला.

"चाल," म्हणाली, "अंधार पडून रायला. तुले दिसत नाई अन् मले चालता येत नाई."