मराठीतील त्रासवाचक शब्द : अर्थांतराचा इतिहास

प्रस्तावना :
शब्दसंग्रह हे समाजेतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. राज्यकारभाराच्या संज्ञांप्रमाणेच दैनंदिन वैतागाचे शब्दही या दृष्टीने बोलके ठरतात. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांच्या अर्थांतराचा विचार केला आहे.

संस्कृत परंपरा :
संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय आणि 'ताप' म्हणजे उष्णता, दाह. मराठीत 'त्रास' हा उपद्रवाचा, तर 'ताप' हा ज्वराबरोबरच कटकटीचाही वाचक झाला. 'ससेमिरा' या शब्दाचे मूळ विक्रमादित्याच्या कथाचक्रात आहे. झाडावर आश्रय देणाऱ्या अस्वलाशी कृतघ्नपणे वागलेला राजपुत्र शापाने वेडा होऊन 'स-से-मि-रा' ही चारच अक्षरे अखंड बडबडतो. त्या अक्षरांनी आरंभ होणारे चार श्लोक ऐकल्यावर त्याचे वेड क्रमाने ओसरते. हे कथाचक्र 'सिंहासनबत्तिशी' या नावाने १८१४ मध्ये श्रीरामपूर येथे मराठीत छापले गेले. कथा विस्मरणात गेली तरी पाठ न सोडणाऱ्या पिच्छ्यासाठी शब्द टिकला. शनीचे राशिभ्रमण मोजणारी 'साडेसाती' ही ज्योतिषातील संज्ञाही अशीच न संपणाऱ्या पीडेसाठी रूढ झाली.

फारसी-अरबी परंपरा :
'तगादा' हा मुळात येणे रकमेच्या मागणीचा, म्हणजे वसुलीच्या व्यवहारातील शब्द. पुढे कोणत्याही सततच्या मागणीस तो लागू झाला. 'हैराण' म्हणजे मुळात चकित, गोंधळलेला. 'बेजार' म्हणजे विटलेला. मराठीत दोन्ही शब्दांना जेरीस आल्याचा अर्थ प्राप्त झाला. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तथापि हे शब्द घराघरांत रुळलेले असल्याने टिकून राहिले. माधव त्र्यंबक पटवर्धन यांच्या १९२५ च्या फारसी-मराठी कोशामुळे अशा शब्दांच्या मुळांचा शोध सुकर झाला.

निष्कर्ष :
भय, दाह, कर्ज, ग्रहदशा यांसारख्या गंभीर अनुभवांचे शब्द कालांतराने सौम्य होऊन किरकोळ वैतागासही वापरले जाऊ लागले, असे दिसते. म्हणूनच जुन्या कागदपत्रांचे वाचन करताना आजचा सौम्य अर्थ गृहीत धरणे धोक्याचे आहे. जुन्या पत्रातील 'तगादा' हे केवळ टुमणे नसून त्यामागे प्रत्यक्ष देणे आणि वसुलीचा धाक असू शकतो. अर्थांतराचे भान सुटल्यास कागदातील माणसाची पीडाच अभ्यासकाच्या नजरेतून निसटते.