दिव्यापुढला अंधार



दिव्याखालीं अंधार ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आज मी ज्या अंधाराविषयीं बोलणार आहें, तो दिव्याखालचा नसून दिव्यापुढला आहे. रात्रीच्या वेळीं समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर पडतो, आणि ज्या प्रकाशानें रस्ता दिसावयाचा त्याच प्रकाशानें तो दिसेनासा होतो. मोटारींत बसणारापेक्षां मोटारसायकलीवरील स्वाराला हा प्रसंग अधिक कठीण जातो. त्याच्या डोळ्यांसमोर हेल्मेटची किंवा गाडीला जोडलेली पारदर्शक कांच असते; ती पुसावयास वायपर नसतो; आणि खालीं दोनच चाकें असल्यामुळें क्षणभर नजर चुकली तर तोल जावयास वेळ लागत नाहीं.

मी राहतों तें सानगडी हें भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्याचें एक जुनें किल्ल्याचें गांव आहे. भोंवतालीं धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव. आश्विन-कार्तिकांत धान पिकूं लागलें कीं तुडतुड्यांचे थवे दिव्यावर झेपावतात, आणि कोसभर गाडी हांकली नाहीं तोंच कांच हिरव्या ठिपक्यांनीं भरून जाते. मार्गशीर्ष-पौषांत बांध्यांवर धुकें उतरतें, वैशाखांत धूळ, श्रावणांत पाऊस. बाजार, दवाखाना, धानाची विक्री यांसाठीं साकोलीला जाणें-येणें आज बहुधा मोटारसायकलीवरच होतें. तेव्हां कांचेवरील चकाकी आणि डोळ्यांवरील झोत हा आम्हां खेड्यांतील लोकांना कुतूहलाचा विषय नाहीं. घरचा माणूस रात्रीं सुखरूप परत येणें त्यावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचा इतिहास सव्वाशें वर्षांपलीकडे जात नाहीं. बैलगाडीच्या दांडीला लोंबणाऱ्या कंदिलानें कोणाचे डोळे दिपले अशी तक्रार ऐकिवांत नाहीं. यांत गाडीवानाचें सौजन्य नव्हतें. कंदिलाला तेवढी शक्तीच नव्हती. पहिल्या मोटारींना व मोटारसायकलींना कारबाईडचे दिवे असत. कारबाईडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पाडावयाचें, त्यांतून निघणारा ॲसिटिलीन वायु पेटवावयाचा, आणि मागें आरसा ठेवून त्याचा उजेड पुढें फेंकावयाचा, अशी ती योजना होती. पुढें वीज आली, आणि दिव्याचा झोत शेंकडों फूट जाऊं लागला. दूरवर पाहण्याची सोय झाली तीच समोरच्याची गैरसोय झाली.

त्यावर पहिला टिकाऊ उपाय निघाला तो १९२४-२५ च्या सुमारास. जर्मनीतील ऑस्राम कंपनीनें एकाच काचगोळ्यांत दोन तारा बसविल्या. एक तार पेटविली कीं झोत लांब जातो. दुसरी पेटविली कीं तो खालीं वळतो. आज आपल्याकडे लहान मूलहि ज्यास 'अप्पर' आणि 'डिपर' म्हणतें, त्यांचा हा उगम. याच्या बऱ्याच नंतर आपल्याकडे मोटारींच्या दिव्याच्या वरच्या भागावर काळा पट्टा किंवा ठिपका रंगविण्याची चाल पडली होती, ती अनेकांना आठवत असेल. तो रंग प्रकाश अडवी, परंतु त्यास योग्य दिशा देत नसे. म्हणून तो तात्पुरता उपचारच राहिला.

कायद्यानेंहि या कामीं लक्ष घातलें. मोटारींविषयीं आपल्या देशांत १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन मोठे कायदे झाले. शेवटच्या कायद्यान्वयें १९८९ सालीं जे केंद्रीय नियम केले, त्यांत दिव्याची कसोटी मोठ्या नेमकेपणानें सांगितली आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढें, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्या मनुष्याचे डोळे दिपतां कामा नयेत. दीड मीटर म्हणजे सामान्यतः चालणाऱ्या माणसाच्या डोळ्याची उंची. नियम करणाऱ्यांनीं पायीं चालणाराचीहि आठवण ठेविली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां डोळे दिपतात म्हणजे काय होतें, हें पाहूं. आपल्या डोळ्यांतील भिंग आणि त्यामागचा पारदर्शक भाग हे पूर्णपणें निर्मळ नसतात. बाहेरचा तीव्र प्रकाश आंत शिरला कीं त्याचा थोडा अंश इतस्ततः पसरतो, आणि डोळ्याच्या पडद्यावर पांढुरका पदर पसरल्यासारखा होतो. त्या पदराआड काळी म्हैस, बिनदिव्याची बैलगाडी किंवा रस्त्याच्या कडेनें जाणारा मनुष्य लपून जातो. १९२६ सालीं हॉलाडे आणि १९२९ सालीं स्टाइल्स या शास्त्रज्ञांनीं या पदराचें गणित मांडलें. डोळ्यांत येणारा प्रकाश जितका अधिक तितका पदर दाट. आणि आपण पाहतों ती दिशा व दिव्याची दिशा यांतील कोन अर्धा झाला तर पदर सुमारें चौपट.

या गणितांतून एक विलक्षण गोष्ट निघते. समोरची गाडी दूर असतां तिचा प्रकाश आपल्यापर्यंत कमी पोंचतो खरा. परंतु तेव्हां ती आपल्या नजरेच्या रेषेंतहि अधिक असते, म्हणजे कोन लहान असतो. ढोबळ हिशेबानें हे दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरतें तें एवढेंच कीं दिवा आपल्या रेषेपासून बाजूला किती अंतरावर आहे. तें अंतर बारा फुटांचें सहा फूट झालें कीं पदर चौपट दाट होतो. म्हणूनच रुंद रस्त्यापेक्षां खेड्यांतील अरुंद रस्त्यावर डोळे अधिक दिपतात. आणि म्हणूनच 'गाडी अजून दूर आहे, जवळ आल्यावर डिपर देऊं' हा विचार शास्त्राला धरून नाहीं. समोरचा दिवा दिसतांच आपला झोत उतरविला पाहिजे. त्याचप्रमाणें आपण नजर समोरच्या दिव्यावर न ठेवतां रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेविली तर कोन वाढतो व पदर विरळ होतो. जुने गाडीवान हें गणितावांचून जाणत.

वयाचाहि यांत मोठा भाग आहे. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर पदर आणखी दाट. दिपलेला डोळा सावरण्यासहि वृद्धाला अधिक वेळ लागतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कांपते. दोन सेकंद दृष्टि गेली तर ती ३३ मीटर आंधळी धांवते. त्यांतून कित्येक जुन्या दुचाक्यांचा दिवा यंत्राच्या फिरण्यावर अवलंबून असे. दिपल्यामुळें गाडी हळू करावी, तों आपला दिवाच मंद व्हावा, अशी ती दुहेरी अडचण होती.

एवढें डोळ्याविषयीं झालें. आतां कांचेकडे वळूं. मोटारसायकलीची 'कांच' बहुधा कांच नसतेच. १९३३ च्या सुमारास जर्मनींत ओटो रोम याच्या कारखान्यानें ॲक्रिलिक नांवाचें पारदर्शक प्लास्टिक बाजारांत आणलें, आणि १९५३ सालीं पॉलिकार्बोनेटचा शोध लागला. पहिलें स्वच्छ परंतु ठिसूळ. दुसरें आघात सोसणारें परंतु चरे लवकर पडणारें, म्हणून त्यावर कठीण लेप देतात. कोणत्याहि अशा पत्र्याच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरांतील सुमारें चार भाग प्रकाश परत फिरतो. दोन पृष्ठें म्हणजे आठ भाग. दिवसां स्वाराच्या पांढऱ्या सदऱ्याचें आणि रात्रीं गाडीच्या मीटरच्या उजेडाचें प्रतिबिंब त्याला कांचेंत दिसतें, तें यामुळेंच. दोष वाढतो तो चऱ्यांनीं. दिवसां न दिसणारा बारीक चरा रात्रीं समोरच्या झोतांत चांदीच्या तारेसारखा चमकतो, आणि असे शेंकडों चरे मिळून डोळ्यापुढें जाळें उभें करतात. हे चरे बहुधा आपणच पाडतों: धुळीनें भरलेली कांच कोरड्या फडक्यानें पुसली कीं धुळींतील वाळू कानशीप्रमाणें काम करते. कित्येकजण पेट्रोलचा बोळा फिरवितात. त्यानें प्लास्टिकला बारीक भेगा पडतात. भरपूर पाणी ओतून धूळ व किडे भिजवून काढावे, आणि मग मऊ ओलसर कापडानें टिपावें, एवढाच खरा उपाय. गाडीला जोडलेली मोठी कांच असेल तर तिची उंची अशी ठेवावी कीं स्वाराची नजर तिच्या वरच्या कडेवरून जाईल. वारा तेवढ्यानेंहि अडतो, आणि पावसाचे थेंब, चरे व प्रतिबिंबें नजरेच्या वाटेंत येत नाहींत.

चकाकी मुळांतूनच गाळतां येईल काय, या प्रश्नाचा इतिहास मात्र फार मनोरंजक आहे. १८०८ सालीं पॅरिसमध्यें एतियेन मालुस हा लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळतीचा प्रकाश एका स्फटिकांतून पाहत होता. स्फटिक फिरवितां फिरवितां प्रतिबिंब मंद-तेज होतें असें त्यास आढळलें. कांच, पाणी, ओला रस्ता यांवरून तिरपा परतणारा प्रकाश एका ठराविक पातळींतच कंप पावतो, हें त्यावरून समजलें. १८५२ सालीं ब्रिस्टलच्या हेरापाथ नांवाच्या डॉक्टरनें, हिंवतापावरचें क्विनाईन आणि आयोडिन यांपासून झालेले सूक्ष्म स्फटिक असाच प्रकाश गाळतात, असें दाखविलें. आणि १९२९ सालीं एड्विन लँड या अमेरिकन तरुणानें ते स्फटिक पातळ पत्र्यांत बसविले. त्यानें १९३७ सालीं स्थापिलेल्या कंपनीचें नांव पोलरॉइड.

लँडचा मूळ हेतु गॉगल विकण्याचा नव्हता. मोटारींच्या दिव्यांचा झोत निष्प्रभ करण्याचा होता. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि चालकाच्या डोळ्यांपुढें तोच पत्रा ४५ अंशांत तिरका बसवावयाचा. आपला प्रकाश आपल्याला दिसेल; परंतु समोरून येणाऱ्या गाडीचा पत्रा उलट दिशेनें तिरका ठरत असल्यामुळें तिचा झोत जवळजवळ विझलेला दिसेल. कल्पना निर्दोष होती. तथापि पत्रा अर्ध्याहून अधिक प्रकाश खातो, म्हणून दिवे अधिक प्रखर हवेत. आणि रस्त्यावरील सर्वच गाड्यांना तो लागल्यावांचून पहिल्या खरेदीदाराला कांहींच लाभ नाहीं. अमेरिकेंतील कारखानदारांनीं ती योजना स्वीकारली नाहीं.

आज मिळणारे पोलरॉइड गॉगल दिवसां ओल्या रस्त्यावरील व पाण्यानें भरलेल्या बांधीवरील चकाकी उत्तम अडवितात. समोरच्या दिव्याचा प्रकाश मात्र असा एका पातळींतला नसतो, म्हणून रात्रीं ते फक्त अंधार वाढवितात. त्यांतून प्लास्टिकच्या कांचेकडे पाहिलें तर तींत इंद्रधनुष्यी ठिपके दिसतात. ते कांच ओतून वांकविण्यांत राहिलेल्या ताणाचे असतात. पिवळ्या कांचेची भलामणहि बाजारांत होते. फ्रान्सनें १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळ्या दिव्यांची सक्ति केली होती आणि पुढें ती सोडून दिली. रात्रीं मुळांतच थोड्या असलेल्या प्रकाशांतून आणखी कांहीं गाळून अधिक दिसेल, असें मानणें व्यर्थ आहे. मोटारींच्या कांचांवरील काळ्या पडद्यांवर सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बंदी घातली. मोटारीच्या पुढच्या कांचेंतून शंभरांतील ७० भाग तरी प्रकाश आंत आला पाहिजे, हा नियम आहे. मोटारसायकलस्वारानें रात्रीं काळी कांच वापरूं नये, हें सांगावयास न्यायालयाची गरज नाहीं.

अलीकडे प्रश्न पुन्हां तीव्र झाला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा यंत्र सुरू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. त्यामुळें दुचाकी इतरांना दिसते, हें चांगलेंच आहे. परंतु जुन्या दिव्यांत कोणी बाजारांतील निळसर एलईडी बसवितात. दिव्याचा आरसा जुन्या तारेच्या जागेप्रमाणें घडविलेला असतो. उजेडाची जागा बदलली कीं झोत कोठेंहि उधळतो, आणि मग डिपरलाहि अर्थ उरत नाहीं. मोठ्या महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर आणि बोगनवेल लावलेली आपण पाहतों. तीं झाडें शोभेचीं खरीं, परंतु समोरच्या गाड्यांचा झोत अडविणें हेंहि त्यांचें काम आहे. २००२ पासून वाहता झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग किंवा २०२२ सालीं पहिला टप्पा उघडलेला समृद्धि महामार्ग यांवर दुचाकीला मज्जावच आहे. दुचाकीच्या वांट्याला येतात ते बहुधा दुभाजक नसलेले, कण्हेर नसलेले रस्ते.

अशा रस्त्यांवर कण्हेरीचें काम माणसाच्या अंगठ्यानें करावयाचें असतें. लँडची योजना ज्या कारणानें बुडाली तें कारण येथेंहि आहे: मी माझा झोत उतरविला तर लाभ समोरच्याला होतो, मला नाहीं. परंतु लँडच्या पत्र्याला पैसे पडत होते आणि कारखान्यांची संमति लागत होती. डिपरची खटकी प्रत्येक गाडीच्या मुठीजवळ आधींच बसविलेली आहे, आणि ती दाबावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. मालमोटारींच्या मागें रात्रीं डिपर वापरण्याची जी विनंति रंगविलेली असते, ती वाचणारे पुष्कळ आहेत. समोरून येणारा मनुष्य म्हातारा असेल, त्याची कांच तुडतुड्यांनीं भरलेली असेल, आणि त्याच्या पुढें एखादी बिनदिव्याची बैलगाडी चालली असेल. आपल्याला यांतील कांहींच दिसत नसतें; म्हणून तें सर्व आहे असें धरूनच झोत उतरवावा.